लोकसुनावणीला कोणी गेलंच नाही तर ती रद्द होते का?

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, मी नोकरीला पुण्यात. गावाशेजारी बॉक्साइटची खाण होणारे म्हणे, त्याची पेपरात आलेली नोटीस काकाने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. "दि. 14/09/2006 च्या अधिसूचनेअन्वये जाहीर लोकसुनावणी", "कार्यकारी सारांश अवलोकनार्थ उपलब्ध"... तीनदा वाचलं, सगळं डोक्यावरून गेलं. वाडीतले म्हणतायत कोणी जायचंच नाही, कोरम नाही झाला की तहकूब, ग्रामसभेसारखं. खरंय का हे? आणि मला रजा नाही पण सातबाऱ्यावर नाव आहे, इथून काही करता येईल?

जांभादगड: अजिबात खरं नाही, आणि हा गैरसमज लय महागात पडतो. ग्रामसभेला 15 टक्के किंवा 100 मतदार लागतात, लोकसुनावणीला कोरमच नाही, त्या अधिसूचनेतच तसं लिहिलंय. पाच माणसं आली तरी सुनावणी होते आणि कागदावर विरोध दिसतच नाही. मतदानही नसतं तिथे, हात वर करून खाण रद्द होत नाही. खाणीच्या पर्यावरण मंजुरीचा निर्णय नंतर वर होतो, तिथे जातं ते इतिवृत्त, म्हणजे सुनावणीत कोण काय बोललं त्याची नोंद. म्हणून घोषणा देण्यापेक्षा "आमच्या वाडीची विहीर खाणीच्या हद्दीपासून इतक्या मीटरवर आहे, पर्यावरणाच्या अहवालात तिचा उल्लेख नाही" असं बोला. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायचं असतं, तोपर्यंत उठू नका. लोक जेवायला घरी जातात आणि तिथेच घोळ होतो.

कारकून_रिटायर्ड: कार्यकारी सारांश म्हणजे खाणीचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्या जाडजूड अहवालाचं थोडक्यात मराठी, कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषदेत बघायला मिळतो. पण सारांशात सगळं गोडगोड असतं हो, मूळ अहवालातलं पाण्याचं प्रकरण काढून वाचा. आणि नोटीस छापल्यापासून सुनावणीपर्यंत किमान 30 दिवस हवेत, तारखा मोजा आधी. तुम्ही पुण्यातून लेखी हरकत पाठवा प्रदूषण नियंत्रण मंडळाला, पत्ता नोटिशीतच असतो, सातबारा जोडा, पोच घ्या.

मूळ धागा: धन्यवाद दोघांनाही 🙏 दिवस मोजले, 33 भरतात. पण सुनावणी ऐन लावणीत येतेय, तारीख बदलून मिळेल का?

जांभादगड: अवघडे. काही आणीबाणी आली तरच, तेही जिल्हाधिकाऱ्यांनी शिफारस केली तर. लावणी त्यात बसेल असं वाटत नाही, अर्ज देऊन बघा पण भरवशावर राहू नका. घरटी एक माणूस तरी चिखलातून काढून पाठवा, आणि काकाला सांगा विहिरीचं अंतर आत्ताच टेपने मोजून ठेव.