अनुभव धागा : खेळातलं तुमचं पुस्तकाचं दुकान

आम्ही पाच जण अचलपूर तालुक्यातल्या एका गावात रविवारी दुपारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत सगळ्यांनी मिळून एका जादूच्या जगातली गोष्ट पुढं न्यायची, असा हा खेळ. जानेवारी २०२३ मध्ये या खेळाच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सगळ्यांना खुला झाला. तेव्हा मी लागतील तेवढी पानं मराठीत उतरवून घेतली. कॅम्पेन, म्हणजे रविवारामागून रविवार चालणारी ती गोष्ट, मीच चालवते.

सामानाचे भाव उतरवताना एका ठिकाणी हात थांबला. लांब तलवार १५ सोन्याची नाणी, पुस्तक २५. त्या जगात पुस्तक तलवारीहून महाग! पुढे बघते तर कागदाचा एक ताव दोन चांदीची नाणी, आणि साध्या मजुराची दिवसाची रोजीही दोनच चांदीची नाणी. दिवसभर निंदण करायचं आणि हातात एक ताव. माझी आई निंदणाला जायची, म्हणून ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली.

मग त्या जगात पुस्तकाचं दुकान चालवणारं घर जगतं कशावर? आमच्या खेळातलं घर शाई विकतं, लोकांना पत्रं लिहून देतं, एक आणा घेऊन पोथी ऐकवतं. 'कापूस निघाला की देतो' म्हणणाऱ्याचं नाव घरातले म्हातारे आबाजी वहीत मांडून ठेवतात. सून नकला उतरवते, नात शाई घोटते. राक्षसांपेक्षा आमची पोरं याच दुकानात जास्त रमतात.

तुमच्या खेळात असं घरचं दुकान असेल तर लिहा. तिथं कोण बसतं, आणि ते तुम्ही कुठून आणलं, हे दोन्ही सांगा.

वरुडकडून

माझं थेट घरून आलंय. बाबांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. उन्हामुळे आपल्याकडच्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तोवर संत्र्याचा पैसा संपलेला असतो. म्हणून नव्यापेक्षा जुनी पुस्तकंच जास्त खपायची, अर्ध्या किमतीत. मी आणि मोठेबाबांची पोरगी ओट्यावर बसून कणकेच्या खळीनं त्यांचे पुठ्ठे चिकटवायचो. मुंग्या लागू नयेत म्हणून बाबा खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचे. बोटं दोन दिवस निळसर राहायची.

खेळात विझार्डला, म्हणजे वहीतून मंत्र शिकणाऱ्या जादूगाराला, दुसऱ्याच्या वहीतला मंत्र आपल्या वहीत उतरवायचा असेल, तर मंत्राच्या प्रत्येक पातळीमागे दोन तास आणि ५० सोन्याची नाणी लागतात. एवढा खटाटोप का? कारण प्रत्येक विझार्डची लिहायची खूण वेगळी असते, ती आधी उलगडावी लागते. हा नियम वाचला आणि मला आमची जुनी पुस्तकंच आठवली. आधीच्या पोरानं कुठं रेघ मारली, कुठं 'व्हीआयपी' लिहिलं, कुठं गणित चुकवून खोडलं. बाबा गिऱ्हाइकाला सांगायचे, 'हे घे, हे हुशार पोराचं आहे.' आमच्या खेळातला दुकानदारही मेलेल्या विझार्डच्या वह्या विकतो आणि हेच वाक्य बोलतो. ते बोलताना माझा आवाज बाबांसारखा होतो, असं आई म्हणते.

रिद्धपूरजवळून

आमच्या खेळातल्या दुकानात मागच्या खोलीत एक पेटी आहे. तिच्यातल्या पोथ्या सासूला आणि सुनेलाच वाचता येतात.

हे मला शोधावं लागलं नाही. माझी आजी महानुभाव पंथातली. या पंथानं कित्येक शतकं आपले ग्रंथ सकळ लिपीत जपले. अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरं, किल्ली ठाऊक नसेल तर समोर धरूनही काही कळणार नाही. पंथाबाहेरच्या अभ्यासकांना ती खुली झाली इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांमुळे, विसाव्या शतकात. पोथी सोडायच्या आधी आजी हात धुऊन पुसायची, आणि पान उलटताना बोट न लावता कडेनं उचलायची. मी खेळासाठी अशीच एक साधी लिपी बनवली आणि पोरांच्या हाती एकच ओळ दिली. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी नववीतल्या पोरीनं 'दीपु' एवढाच शब्द सोडवला. पुढची सगळी ओळ तिनंच मोठ्यानं वाचली. त्या दिवशी फासे कोणी हातातच घेतले नाहीत.

यवतमाळ जिल्हा

आमच्याकडे दुकान वगैरे फार मोठं नाही. खेळाला लागणारा वीस बाजूंचा फासा तालुक्याला मिळाला नाही, म्हणून १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या करून चहापत्तीच्या डब्यात टाकतो. खेळातली पुस्तकवाली मावशी गिऱ्हाइकाला असाच डबा पुढं करते. जो आकडा निघेल त्या कपाटातलं पुस्तक न्यायचं. लोकांना आवडतं.

वडसा

इकडे दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. रात्री दहाला पडदा उघडतो आणि पहाट होईस्तोवर गाव मांडी घालून बसतं. माझे काका त्यात काम करत. दुसऱ्याचं सोंग घेऊन बोलायचं हे आम्हाला कोणी शिकवावं लागलं नाही.

पण एक गोष्ट शिकावी लागली. सुरुवातीला आमचे दुकानदार पुस्तकी मराठीत बोलायचे, 'या प्रवाशांनो, आपले स्वागत असो.' सगळं मेल्यासारखं वाटायचं. एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, 'काहून जी, उन्हातानाचे आले? बसा, पानी प्या, मंग पुस्तक पाहा.' टेबलाभोवतीचे चौघंही सरसावून बसले. तेव्हापासून आमच्या राज्यात राजा, चेटकीण, पुस्तकवाला सगळे इकडचंच बोलतात. ज्यांना वाटतं की आपल्या बोलीत जादूची गोष्ट शोभत नाही, त्यांनी एक रविवार आमच्याकडे येऊन बसावं.

दर्यापूर तालुका

मी खेळणारा आहे, चालवणारा नाही. आमचं दुकान आजोबांनी काढलं, तीन वर्षांपूर्वी बाबांनी बंद केलं. वह्या आता मोठ्या गावातून स्वस्तात येतात, उधारी मात्र आमच्याच वहीत राहिली. तिथं आता मोबाईल रिचार्ज मिळतो, शटर बसलंय.

आधी दाराला फळ्या होत्या. नऊ फळ्या, प्रत्येकीवर आजोबांच्या हातचा ऑइलपेंटचा आकडा. रात्री एक नंबरपासून लावत जायचं, सकाळी नऊ नंबरपासून काढत यायचं. पावसाळ्यात सातवी फुगायची. तिला ओढलं तर अजूनच घट्ट बसायची. खालून बुटाची टाच द्यायची, जरा वर उचलायची, मग डावीकडे सरकवायची.

मागच्या महिन्यात खेळात आमची टोळी मध्यरात्री, पावसात, पुस्तकाच्या दुकानापाशी पोचली. आत दुकानदार आबाजी आजारी, बाहेर पाठलागावर शिपाई. आमच्यातला धिप्पाड गडी दार फोडायला निघाला, ताकदीचा फासा उचललासुद्धा. मी म्हणालो, थांब. खेळ चालवणाऱ्या ताईंना विचारलं, 'दार फळ्यांचं आहे का?' त्या म्हणाल्या, 'आहे.' मी टाच, उचल, डावीकडे, सगळं हातानं करून दाखवलं. त्यांनी फासा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, 'उघडलं.'

बाबा दारात उभे राहून बघत होते. आत आले आणि मला म्हणाले, 'सातवीच ना?'