सेमीनं फायदा झाला का, हे शाळेनं तपासायचं कसं?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. आमच्या जि.प. शाळेत पहिलीपासून सेमी (गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून) सुरू होऊन हे पाचवं वर्ष, एक तुकडी सेमी एक मराठी. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, शिक्षण बारावी, किराणा दुकान आहे. मागच्या मीटिंगला एका आजोबांनी सरळ विचारलं, ह्या सेमीनं लेकरांचं भलं झालं का वाटोळं? सर म्हणाले पट वाढलाय. पट वाढला हे खरंय पण ते उत्तर झालं का? सेमीवाल्यांना मार्क जास्तच पडायलेत, मग विषय संपला का? मनाला पटंना, अन् तपासायचं काय तेही कळंना. कुणी केलंय का असं?

पाटीपेन्सिल (बीड)
मार्कांवर जाऊ नका दादा. आधी हे बघा की सेमीत बसलं कोण. आमच्याकडं ज्याचे मायबाप ऊसतोडीला जातात ते लेकरू दिवाळीच्या आसपास गायब होतं ते गुढीपाडव्याच्या तोंडावर परत येतं, अन् अशाला कुणी सेमीत घालत नाही, त्याला गपचूप मराठी तुकडी. म्हणजे फरक प्रवेशाच्या दिवशीच पडलेला असतो अन् श्रेय जातं सेमीला. तुलना करायची तर हजेरी सारखी, घरचं शिक्षण सारखं अशी लेकरं दोन्हीकडून निवडा. पहिलीत आली तेव्हाची नोंद नसंल (नसणारच) तर यंदाच्या पहिलीपासून धरा.

दुसरं, एकच गणित दोन्ही भाषांत द्या. अर्ध्यांना आधी मराठी, अर्ध्यांना आधी इंग्रजी, मधी आठ-दहा दिवस जाऊ द्या, अन् आकडे बदला नाहीतर पाठ करून येतात. नुसती बेरीज अन् शाब्दिक उदाहरण वेगवेगळं मोजा, खरी मेख शाब्दिक मध्येच आहे.

आणि सेमीला नुसतं झोडपू पण नका. तेवीस म्हणलं की लेकराला तीन आधी ऐकू येतो, मग ते 32 लिहितं. ट्वेंटी थ्री मध्ये ती भानगड नाही. 2019 ला बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात तेवीसऐवजी वीस तीन आणलं होतं, केवढा गोंधळ झालता आठवतंय ना.

तांडा_शाळा
तुम्ही सगळे मराठी का इंग्रजी एवढंच बोलायलात. माझ्या वर्गात (हिंगोली जिल्हा) लेकरं घरी गोरमाटी (बंजारा भाषा) बोलतात, आईला याडी म्हणतात, त्यांना पहिलीत मराठीसुद्धा परकीच. त्यामुळं तपासणीचा पहिला रकाना घरची भाषा कोणती हा ठेवा, आपल्याकडं दखनी उर्दू बोलणारी लेकरं पण वर्गात असतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शक्यतो मातृभाषेतून शिकवा म्हणलंय, 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात किमान पाचवीपर्यंत अन् जमल्यास आठवीपर्यंत. मातृभाषा कुणाची ते मात्र कुणी विचारत नाही.

अजून एक, सेमीमुळं मराठी वाचन मागं पडलं का तेही बघा. 'असर' म्हणजे गावोगाव लेकरांचं वाचन-गणित तपासणारा सर्व्हे, त्याची पद्धत सोपी आहे, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. लेकरू कुठं अडतं तिथं खूण करायची, एकेकाला जवळ बसवून, वर्गात घोळक्यात नाही.

खडू_संपला
तपासून करणार काय, बंद करणार का? केलं की पट पळतो अन् संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) शिक्षक अतिरिक्त ठरतो. पालकांना पाहिजे म्हणून आलंय ते.

पाटीपेन्सिल (बीड)
बंद करायला कोण म्हणलं? शिकवतात कसं ते बघायला पाहिजे. समितीच्या माणसानं वर्गात मागं बसावं, सरांना सांगून बरंका, चोरून नाही. पुस्तक इंग्रजी, समजावणं मराठी, पेपर इंग्रजी, मग 'समभुज' अन् 'इक्विलॅटरल' ह्यांची गाठ कधी पडतच नाही. दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहितात का, एवढं जरी बघितलं तरी निम्मं कळंल. कॅनडातल्या जिम कमिन्स ह्या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकानं 1979 मध्येच सांगितलंय, गप्पा मारायची भाषा वेगळी अन् अभ्यासाची वेगळी, ही दुसरी यायला कैक वर्षं लागतात. पोरगं गुड मॉर्निंग म्हणतंय म्हणून इंग्रजी आली असं धरू नका.

मांजराकाठ
सगळ्यांचे आभार. सरांना विचारून चौथीच्या सेमीतल्या सात लेकरांना बसवलं, दुकानातलंच उदाहरण घेतलं. 24 अंडी, 9 विकली, किती राहिली? तोंडी मराठीत सातही जणांनी सांगितलं. दहा दिवसांनी तेच आकडे बदलून इंग्रजीत लिहून दिलं, शेवटी 'हाऊ मेनी आर लेफ्ट'. तिघांना जमलं. एक पोरगी हुशार आहे, घरून आईसोबत रोज हिशोब करते, ती बराच वेळ कागदाकडं बघत बसली. मी विचारलं काय झालं बाई, तर म्हणली, "लेफ्ट म्हणजे डावा ना काका? अंड्याला डावा-उजवा कसा असंल?"

कवायतीत शिकलेलं तिनं, लेफ्ट राइट लेफ्ट. पेपरात तिला शून्य मिळाला असता. पुढच्या मीटिंगला तोच कागद घेऊन जाणार आहे, आजोबा येतीलच.