सूत्र एकच, मग शेअर आणि घराचे भाव इतके वेगळे का वागतात?

शंकेखोर: पुढच्या वर्षीच्या लाभांशाला ‘अपेक्षित परतावा वजा लाभांशाची वार्षिक वाढ’ याने भागलं की शेअरचं मूल्य निघतं म्हणे. घराला लाभांशाच्या जागी भाडं. एक्सेलमध्ये मांडलं: लाभांश 100, परतावा 7 टक्के, वाढ 4 टक्के, मूल्य आलं 3333. वाढ 5 केली तर थेट 5000! हे मॉडेल आहे की ज्योतिष?

चक्रवाढ: छेदाकडे बघा. 7 काय नि 4 काय, दोन्ही अंदाजच. त्यांच्या एवढ्याशा फरकाने भागलं की चूक फुगणारच. वाढ 6 घाला, 10000 येईल. 7 घातलीत तर एक्सेलच हात टेकेल.

मी हे सूत्र उलटं चालवते. भाव समोर असतो, मला परतावा किती हवा ते मला माहीत असतं. मग बाजाराने किती वाढ गृहीत धरलीय ते काढायचं. तुमचा शेअर 5000 ला मिळत असेल तर 5 टक्के, तीही कायमची. अख्ख्या अर्थव्यवस्थेपेक्षा वेगाने कोणती कंपनी कायम वाढेल? माझ्या यादीतले बरेचसे शेअर इथेच गळतात.

बाकी लाभांशातल्या चढउतारांच्या मानाने भाव फारच उड्या मारतात, हे अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट शिलर यांनी 1981 मध्येच दाखवलंय. भावात सगळी माहिती आधीच उतरलेली असते म्हणणारे युजीन फामा आणि हे शिलर, दोघांना 2013 चं नोबेल एकत्र मिळालं. (तिसरे हॅन्सन. त्यांचं गणित माझ्या डोक्यावरून जातं.)

भाडेकरू: मग घरांचे भाव तशा उड्या का मारत नाहीत?

चक्रवाढ: शेअर महाग वाटला तर शॉर्ट करता येतो, म्हणजे उसना घेऊन आज विकायचा आणि भाव पडल्यावर स्वस्तात घेऊन परत करायचा. घर कसं करणार? फुगवटा ओळखला तरी फार तर घर घ्यायचं टाळाल. शिवाय मंदीत विकणारा जुन्या भावावर अडून बसतो, त्यामुळे आधी व्यवहार आटतात आणि भाव मागाहून उतरतात. अमेरिकेत 2006 ला शिखर गाठलेल्या भावांना तळ लागायला 2012 उजाडलं. तिथला शेअर निर्देशांक डाऊ जोन्स मात्र 19 ऑक्टोबर 1987 ला एका दिवसात 22.6 टक्के कोसळला होता.

आणि सूत्रात ढोबळ भाडं घालू नका हं. कर, दुरुस्ती, घर रिकामं राहिलेले महिने वजा करून उरेल ते घाला.

शंकेखोर: लाभांशच न देणाऱ्या कंपन्यांचं काय?

चक्रवाढ: खर्च आणि गुंतवणूक भागवून हातात उरणारी रोकड घ्या. पहिली काही वर्षं एकेक करून मांडा, त्यापुढच्या सगळ्या वर्षांना मिळून हेच सूत्र लावा. पुष्कळदा निम्म्याहून जास्त मूल्य त्या शेवटच्या ओळीतूनच येतं, तेव्हा कुणाचाही तक्ता हातात आला की आधी तीच ओळ तपासा.