वर्ध्याला लहान पोरांना घेऊन नदीकाठी कुठे फिरावं?

मंडळी नमस्कार,

यंदा डिसेंबरात तीन आठवडे सासरी, वर्ध्याला जातोय. मोठी साडेतीन वर्षांची, धाकटा दहा महिन्यांचा. इथे दर शनिवारी नदीकाठच्या डांबरी वाटेवर बाबागाडी ढकलत तासभर फिरायची दोघांना सवय आहे. तिकडे असं कुठे जमेल? नवरा म्हणतो पवनारला जाऊ, पण पायऱ्या किती ते त्याला आठवत नाही. सासूबाईंचे गुडघेही सोबत असतील.

मागच्या खेपेला ‘सर्वांसाठी सुगम’ अशी पाटी वाचून एका ठिकाणी गेलो. उतार छान होता. तो संपला तिथे पाच पायऱ्या! बाबागाडी, बाळ, डायपरची पिशवी सगळं मीच उचललं. नवरा फोनवर.

— वर्ध्याची सून

*

सूनबाई,

बाबागाडी घरीच ठेवून जा. गेल्या जानेवारीत नातवंडांना घेऊन महिनाभर वर्ध्याजवळच्या सेलूत होतो, म्हणून सांगतो.

पवनार वर्ध्याहून आठेक किलोमीटर. विनोबांचा आश्रम उंचावर, धाम नदी खाली, तेव्हा पायऱ्या आल्याच. गांधीजींच्या अस्थी १२ फेब्रुवारी १९४८ला इथेच धामेत विसर्जित झाल्या. दरवर्षी त्या तारखेला मेळा भरतो, पण डिसेंबरात शांत असतं. सासूबाईंना वरच बसवा. विनोबांना शेत खणताना सापडलेली भरत-राम भेटीची मूर्ती तिथेच आहे, त्यांचा वेळ चांगला जाईल. तुम्ही पोरांना घेऊन खाली उतरा. खडकावर शेवाळ असतं, लेकराचा हात सोडू नका. नदीच्या वरच्या अंगाला महाकाली धरण आहे, पाणी सोडलेलं असलं तर काठावरूनच परत फिरा.

पण खरं फिरणं पांदणीनं, म्हणजे शेतांमधल्या बैलगाडीच्या वाटेनं. नवऱ्याला विचारा, त्याच्या गावाची एखादी पांदण नदीकडे उतरत असेलच. पावसाळ्यात ती काळी माती चप्पलसुद्धा ओढून घेते. डिसेंबरात वाळून घट्ट होते आणि बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या उरतात. आमचा चार वर्षांचा नातू एका चाकोरीत, मी दुसऱ्या. एका अंगाला तूर, दुसऱ्या अंगाला फुटलेली पऱ्हाटी. पाऊण किलोमीटरला आम्हाला तास लागला, कारण दर दहा पावलांवर गारगोटी सापडायची अन् ती माझ्या खिशात जायची. वेचणीच्या बायांनी त्याच्या हातावर तुरीच्या ओल्या शेंगा ठेवल्या. त्यानं दाणे खाल्ले अन् टरफलं मला दिली.

अर्जुनाची पांढरट खोडं दिसू लागली की नदी आली समजा. वाळूवर धोबी पक्षी होता, हिवाळ्यात येतो तो. दोन पावलं धावायचा, थांबायचा, शेपटी वरखाली करायचा. नातू घरी येईपर्यंत तसाच चालला, थांबून थांबून, मागचा भाग हलवत!

धाकट्याला जुन्या लुगड्याची झोळी करून पाठीशी बांधा. सकाळी आठला निघा, दहाच्या आत परत. संध्याकाळी नको, तुरीत रानडुकरं असतात. बोरकडची गावं असली तर बिबट्याचाही विचार करा. बोर २०१४पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे जिप्सीतून जातात, पायी नाही. अन् दहा महिन्यांच्या बाळाला तीन तास धुरळ्यात काहून बसवायचं?

— सेलूचे काका

*

काका, सगळं धामेभोवतीच फिरवलंत! आमच्या गडचिरोलीकडे मार्कंडा आहे. वैनगंगा तिथे उत्तरवाहिनी होते, काठावर कोरीव मंदिरं, खाली वाळूच वाळू. माझ्या मुलीला वाळूतून उठवायला आजीला यावं लागलं. वर्ध्याहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत मात्र बाळाला घेऊन जमणार नाही. मुक्काम करत असाल तरच जा. महाशिवरात्रीच्या जत्रेत तर नकोच.

— चामोर्शीची लेक

*

काका, ताई, आभारी आहे. पांदण पक्की. नवऱ्याला विचारलं तर त्याचा फोन बंद झाला अन् तोंड सुरू झालं. बालपण तिथेच गेलंय म्हणे! मार्कंड्याचं पुढच्या खेपेला, मुक्कामाच्या तयारीने.

एकच शंका: साडेतीन वर्षांच्या बाईसाहेबांना ऐन पांदणीत लागली तर?

— व. सून

*

डायपर असेल तर पिशवीत परत आणा. बाकी डिसेंबरात तूर डोक्याएवढी असते, बाप्पा.

— काका