शब्दचर्चा : मेढेकोट, मॉट आणि बेली

प्रश्न : इंग्लंडमधल्या पुरातत्त्वीय नोंदी मराठीत आणतोय. ‘संभाव्य मध्ययुगीन लाकडी किल्ल्याचे मातीकाम’ असं काहीसं वारंवार लिहावं लागतं आणि ते कानाला खटकतं. शिवाय अशा किल्ल्यातल्या ‘मॉट’ (मातीचा उंच ढीग) आणि ‘बेली’साठी (त्याला लागून असलेलं कुंपणाचं आवार) बालेकिल्ला व माची चालतील का?

उत्तर : लाकडी किल्ल्याला आपल्याकडे मेढेकोट हा नेमका शब्द आहे. मेढ म्हणजे जमिनीत रोवलेला खांब. मेढी रोवून उभारलेला कोट तो मेढेकोट. १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतून येऊन नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यानंतर देशभर असे कोट झपाट्याने उभे केले. याच विजयाची कथा सांगणाऱ्या, फ्रान्समधल्या बायोच्या प्रसिद्ध भरतकामात इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जला मजूर मातीचा ढीग रचताना दिसतात, तो हाच मॉट.

बालेकिल्ला मात्र कृपया नको. राजगडाचा बालेकिल्ला डोंगराचाच कातळ आहे. मॉटचा उंचवटा बहुतेक ठिकाणी भोवतालच्या खंदकातली माती उपसून माणसांनी रचलेला. गंमत म्हणजे जुन्या फ्रेंचमधल्या याच ‘मॉट’पासून इंग्रजीत खंदकाचा शब्द आला, ढिगाऱ्याचं नाव खड्ड्याला मिळालं! मराठीत ‘मोट’ लिहिलंत तर वाचक विहिरीवर जाईल, म्हणून ‘मॉट’च ठेवा किंवा ‘रचीव टेकाड’ म्हणा. माचीचीही तीच अडचण, तीही डोंगराचीच सपाटी. बेलीला ‘कोटाचं आवार’ पुरे.

पुन्हा प्रश्न : आणि ‘संभाव्य’?

उत्तर : ‘संभाव्य किल्ला’ म्हणजे पुढे बांधला जाणारा किल्ला वाटतो. आपलं ‘असावा’ हे क्रियापद इथे चोख काम करतं. ही शंका गाळू नका, ती फार मोलाची आहे. विल्टशरमधल्या मार्लबरोच्या टेकाडावर नॉर्मन किल्ला होता, पण २०११ मध्ये कार्बन कालमापनातून टेकाड इ.स.पूर्व सुमारे २४०० चं निघालं. नॉर्मनांनी आयतंच वापरलं होतं! लाकूड कुजून जातं, वरून उरतो तो आकार. खात्री करायला खणावंच लागतं. वेल्समधल्या हेन डोमेन या मेढेकोटाच्या जागी १९६० पासून तीस वर्षांहून अधिक काळ हळूहळू उत्खनन चाललं, तेव्हा खांबांच्या खड्ड्यांवरून आवारातल्या दाट वस्तीचा माग लागला.

‘मातीकाम’ म्हटलं की रस्त्याचं टेंडर आठवतं. मी असं लिहीन : ‘येथे मध्ययुगीन मेढेकोट असावा, आज मातीचे उंचवटे आणि बुजत आलेला खंदक दिसतो.’