ऑर्सिनोला ‘एकतर्फी प्रेमाचा आदर्श’ म्हणणाऱ्यांसाठी

वऱ्हाडची_लेक: शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’ नाटकावर परवा कुणीतरी लिहिलं की ड्यूक ऑर्सिनो म्हणजे एकतर्फी प्रेमाचा आदर्श आणि त्याच्यावर जीव असलेली व्हायोला मुकाट सोसणारी. राहवलं नाही. हा माणूस ज्या ऑलिव्हियावर प्रेम करतो, तिच्यासमोर पाचव्या अंकापर्यंत स्वतः उभा राहत नाही, निरोपे धाडतो. दुसऱ्या अंकात आधी म्हणतो पुरुषांचं मन जास्त चंचल. त्याच प्रवेशात पुढे, माझ्याइतकं प्रेम बाईच्या काळजात मावणारच नाही! समोर व्हायोला, पुरुषवेषात, सिझारिओ या नावाने त्याच्या चाकरीत. ती ‘माझ्या वडिलांची एक मुलगी होती’ म्हणत स्वतःचीच व्यथा सांगते आणि त्याचं म्हणणं त्याच्या तोंडावर खोडते. ही मुकाट? ज्याच्यावर जीव, त्याच्याच वतीने दुसरीकडे इतकं मनापासून बोलते की ऑलिव्हिया हिच्यावरच भाळते.

जुना_प्रेक्षक: बोलते सुंदर, करते काय? गुंता कळल्यावर काळावर सोपवून मोकळी. बुडाला समजलेला तिचा जुळा भाऊ सेबॅस्टियन जिवंत निघून ऑलिव्हियाचा नवरा झाला नसता तर? भोगलं ते ऑलिव्हियाच्या कारभाऱ्याने, मॅल्व्होलिओने.

वऱ्हाडची_लेक: तो कसला प्रेमी! ऑलिव्हियाच्या नावाचं ते खोटं प्रेमपत्र सापडायच्या आधीच मखमली झगा घालून काउंट झाल्याची स्वप्नं बघतोय.

जुना_प्रेक्षक: स्वप्न बघणं गुन्हा आहे का? खोटं पत्र लिहिणाऱ्या मारियाला, ऑलिव्हियाच्या दासीला, बक्षीस म्हणून ऑलिव्हियाच्या नातलगाशी, सर टोबीशी लग्न, आणि कारभाऱ्याला वेडा ठरवून अंधारकोठडी. आमच्या हॉस्टेलवर माझ्या रूममेटला असंच पत्र आलं होतं. नवा शर्ट घालून कँटीनमध्ये वाट बघत बसला, पोरं खिडकीतून खिदळत होती. वर्ष अर्धवट टाकून गावी गेला तो. पत्रावर विश्वासून मॅल्व्होलिओने घातलेल्या पिवळ्या मोज्यांवर मला हसू येत नाही.

दादरचा_वकील: वाईट झालं. पण नाटकाचं बोला. 2 फेब्रुवारी 1602 ला लंडनच्या मिडल टेंपल या वकिलांच्या संस्थेत प्रयोग झाला, तेव्हा कायदा शिकणाऱ्या मॅनिंगहॅमने डायरीत नेमक्या याच खोडीची तारीफ केली आहे. आणि जहाज फुटल्यावर व्हायोलाला वाचवणारा कप्तान तुरुंगात आहे तो मॅल्व्होलिओच्याच फिर्यादीवरून! तिचे कपडे त्या कप्तानाकडे, म्हणून बाई शेवटपर्यंत पुरुषी वेषात.

जुना_प्रेक्षक: मॅनिंगहॅम हसला म्हणून मी हसू? खुद्द ऑलिव्हिया म्हणते, याचा फार छळ झाला. तुमच्या वकिलीत फिर्याद केली की वेडा ठरवून कोंडतात का?

दादरचा_वकील: आवाज खाली. कोठडी जास्तच झाली, एवढं मान्य. टोबीलाही शेवटी ती खोडी अंगाशी यायची भीती वाटते, हेही धरा. याहून जास्त नाही.

वऱ्हाडची_लेक: छळ झाला, मीही मानते. पण दोघांनी ऑर्सिनोला अलगद सोडलंत. पाचव्या अंकात तो ऑलिव्हियावर सूड म्हणून सिझारिओचा बळी द्यायला निघतो, आणि तो मुलगी आहे कळल्यावर तिथेच तिचा हात मागतो. हा आदर्श कसा, ते सांगा.

सांगलीकर: आणि सेबॅस्टियनला समुद्रातून वाचवणारा अँटोनिओ? सेबॅस्टियनपायी शत्रूच्या गावात शिरला, पैशांची थैली त्याच्या हाती दिली, पकडला गेला. सगळ्यांच्या जोड्या लागतात, याच्या सुटकेचा शब्दही कुणी काढत नाही. एकतर्फी प्रेमाचा आदर्श हवा असेल तर याला म्हणा.