मदत हवी आहे: अकरा वर्षं स्विफ्ट चालवल्यावर आता बोलेरो, पावसात मागची बाजू सरकते

नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहते. अकरा वर्षं स्विफ्ट चालवली. शहरात, हायवेला, पुण्याला एकटीनं जाऊन येण्यापर्यंत सगळं त्याच गाडीवर झालं. गेल्या महिन्यापासून घरातली २०२१ची बोलेरो माझ्याकडे आली आहे. सासऱ्यांचं, म्हणजे आप्पांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तूर्त त्यांना गाडी चालवायला मनाई केली आहे. मिस्टर नोकरीला पुण्यात असतात, शनिवार-रविवारीच घरी येतात. त्यामुळे मंद्रूपकडच्या वस्तीवरून आप्पांना आणि सासूबाईंना तपासणीला सोलापुरात आणणं आणि परत नेऊन सोडणं माझ्याकडे आलं आहे. वस्तीपर्यंत स्विफ्ट पावसाळ्यात जातच नाही, खालून घासते.

कोरड्या रस्त्यावर मला काही अडचण नाही. उलट स्टेअरिंगला ओढ जाणवत नाही हे आवडलं. अडचण ओल्या रस्त्याची आहे.

मागच्या गुरुवारी दुपारी चांगला पाऊस झाला होता. वस्तीवरून पाणंदीनं येऊन डांबरीवर उजवीकडे वळत होते. गाडीत मी एकटीच, मागे काहीही सामान नाही. दुसरा गिअर होता. स्विफ्टला देते तसाच रेस दिला आणि गाडीची मागची बाजू डावीकडे निघाली. मी घाबरून पाय उचलला आणि ब्रेक मारला. गाडी आणखी फिरली आणि रस्त्यावर आडवी उभी राहिली. समोरून येणारा ट्रॅक्टर लांब होता म्हणून निभावलं. त्या दिवशी आप्पा गाडीत असते तर, हा विचार अजून जात नाही.

स्विफ्टमध्ये वळणावर वेग जास्त झाला की गाडीचं तोंड बाहेर जायचं, पाय उचलला की ती परत ओळीत यायची. पायाला तीच सवय आहे. ती कशी मोडायची? एक्सलेटर, ब्रेक, क्लच यांचं काय करायचं आणि स्टेअरिंग कुठं फिरवायचं, हे कुणी नीट समजावून सांगाल का? दोन टायर बदलायला झालेत. टायरवाला म्हणाला की नवे दोन पुढे टाका, म्हणजे स्टेअरिंग पक्कं राहतं. ते बरोबर आहे का? आणि मागे वजन ठेवल्यानं खरंच फरक पडतो का?

प्रतिसाद:

ताई, आधी एक सांगतो. तुमचं चुकलं असं मनात धरू नका. पुढच्या चाकांची गाडी, म्हणजे जिच्यात इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना जातो ती, चालवणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा हेच करतो. मी तीस वर्षं मालाच्या गाड्या चालवल्या, आणि त्या सगळ्या मागच्या चाकांच्याच असतात.

स्विफ्टमध्ये गाडी ओढणं आणि वळवणं ही दोन्ही कामं पुढच्या टायरांची. त्यात इंजिनाचं वजनही त्यांच्यावरच. म्हणून जोर जास्त झाला की आधी पुढचेच टायर हात सोडतात आणि गाडी सरळ जाऊ बघते. बोलेरोत पुढचे टायर फक्त वळवतात, ढकलायचं काम मागचे करतात. रिकाम्या गाडीत मागे वजन कमी, त्यात मागे पाटे, म्हणजे स्प्रिंगचं काम करणाऱ्या लोखंडी पट्ट्या, तेही भार गृहीत धरून बसवलेले. ओल्यात जास्त रेस दिला की मागचे टायर ढकलायच्या नादात बाजूची पकड सोडतात. डिझेल गाडीला खालच्या गिअरमध्ये ओढ भरपूर असते, त्यामुळे पायाला कळायच्या आत हे होऊन जातं.

तुमची पाणंद काळ्या रानातून येते ना? मग आणखी एक गोष्ट झाली. ती माती टायरच्या खाचांत भरते आणि टायर अगदी गुळगुळीत होतो. डांबरीवर आल्यावर शंभरेक मीटर सरळ, हळू चालवा. माती उडून जाऊ द्या, मग वळणावर जोर द्या. तुम्ही पाणंदीतून बाहेर पडतानाच वळण घेतलंत, आणि तेव्हाच पकड सगळ्यात कमी होती.

आता पाय. ब्रेकला हात लावायचा नाही, म्हणजे पाय. एक्सलेटर एकदम सोडायचाही नाही. एकदम सोडला की इंजिन मागच्याच चाकांना धरून ठेवतं, वजन पुढे झुकतं आणि मागचा भाग आणखी हलका होतो. पाय हळूच ढिला करायचा. नवीन असाल तोवर एक सोपा उपाय आहे, क्लच पूर्ण दाबा. मागच्या चाकांवरचा जोरही सुटतो आणि इंजिनाची अडवणूकही सुटते, ती मोकळी फिरायला लागतात आणि पकड परत येते. स्टेअरिंग मागचा भाग जिकडे निघाला तिकडे. तुमची मागची बाजू डावीकडे गेली, तर स्टेअरिंगही डावीकडे. नजर मात्र गाडीवर नको, जिथं जायचंय तिथं ठेवा. हात आपोआप नजरेमागं जातात. गाडी सावरायला लागली की स्टेअरिंग लगेच सरळ करा. तिथं उशीर झाला तर तीच गाडी उलट बाजूला झटका मारते, आणि तो झटका पहिल्यापेक्षा वाईट असतो.

प्रतिसाद:

टायरवाल्याचं ऐकू नका. दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे. गाडी पुढच्या चाकांची असो की मागच्या, उत्तर हेच. पुढचे टायर सरकले तर ते स्टेअरिंगला कळतं आणि वेग कमी केला की गाडी ऐकते. मागचे सरकले तर गाडी फिरते. जुने पुढे टाकायच्या आधी त्यांची खाच मात्र मोजा. कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर लागते, पण साचलेल्या पाण्यात टायर त्याच्या बराच आधीपासून तरंगायला लागतो. हवा दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिलेली असते तेवढीच, आणि टायर थंड असताना भरा.

एबीएस तुमच्या गाडीत आहे, पण त्यावर विसंबू नका. ते ब्रेक मारताना चाक जाम होऊ देत नाही, एवढंच. रेस जास्त दिल्यानं चाक घसरलं तर ते काही करत नाही.

प्रतिसाद:

मी मागे पन्नास किलोची दोन पोती ठेवतो, पावसाळाभर. फरक पडतो.

प्रतिसाद:

पोत्यांबद्दल माझं मत वेगळं आहे. वजन मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर असेल आणि घट्ट बांधलेलं असेल तर चालेल. अगदी मागच्या दारापाशी ठेवलं तर गाडी फिरताना तेच वजन तिला आणखी फिरवतं. आणि मोकळं पोतं ब्रेक मारल्यावर थेट सीटवर येतं. ज्यांना गाडीत म्हाताऱ्या माणसांना बसवायचंय त्यांनी हे टाळावं. मधल्या सीटवर दोन माणसं बसली की पुष्कळ झालं.

प्रतिसाद:

सराव रस्त्यावर अजिबात नको. पीक निघालेला मुरमाड तुकडा असेल तर तिथं पाणी मारून घ्या. काळ्या रानात नको, वापसा नसताना गाडी घातली तर ट्रॅक्टर बोलवावा लागेल. झाड, विहीर, बांध लांब असलेली जागा बघा. पहिला गिअर, वेग पंधराच्या आत. मोठा गोल घ्या आणि हळूहळू रेस वाढवा. मागची बाजू सुटायच्या क्षणाआधी कमरेला कळतं, स्टेअरिंगला नंतर. ते एकदा कळलं की निम्मं काम झालं.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी मिस्टर होते तेव्हा दिरांच्या मुरमाच्या तुकड्यावर टँकरनं पाणी मारलं, खताची रिकामी पोती मातीनं भरून खुणेला ठेवली आणि दोन तास तेच केलं. पहिल्या सात-आठ वेळा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मग आप्पा बांधावर खुर्ची टाकून बसले आणि प्रत्येक वेळी मोठ्यानं "क्लच!" म्हणून ओरडायला लागले. त्यानं खरंच उपयोग झाला. कमरेला कळतं म्हणालात ते अगदी खरं आहे. सीट आपल्याखालून किंचित बाजूला जातेय असं वाटतं, आणि तेवढ्यात पाय ढिला केला तर पुढचं काही होतच नाही. नवे टायर मागे टाकून घेतले.

एकच प्रश्न राहिला. नवरात्रात सासूबाईंना तुळजापूरला न्यायचंय. वर चढण्याची भीती नाही, घाट उतरताना पाऊस असला तर काय करू? स्विफ्टला मी वळणावरच गिअर कमी करायचे.

प्रतिसाद:

ते मात्र सोडा. गिअर वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच कमी करा आणि क्लच सावकाश सोडा. ओल्या उतारावर वळणात गिअर पाडून क्लच झटकन सोडला तर मागची चाकं एकदम अडतात, हँडब्रेक ओढल्यासारखी. ब्रेकही वळणाआधी. वळणात फक्त इंजिनाच्या धरणीवर चालू द्या. तिसऱ्यात गाडी पळायला लागली तर दुसरा, पण तोही सरळ पट्ट्यातच.

चढण्याची भीती नाही म्हणालात ते बरोबर आहे. चढावर वजन मागे येतं, तिथं ही गाडी स्विफ्टपेक्षा जास्त धरते.

आणि कोजागिरीच्या आसपास जाऊ नका. सोलापूरहून चालत निघालेल्या भाविकांनी तो रस्ता रात्रभर भरलेला असतो. नवरात्रातल्या मधल्या एखाद्या दिवशी पहाटे निघा, दुपारच्या पावसाआधी घाट उतरून व्हा.